खाद्याविना पिंजरा : अर्ध्या शतकाचा मागोवा

पिंजऱ्यातल्या मत्स्यपालनाचं गणित खाद्यापाशी अडतं. निम्म्याहून अधिक पैसा तिथेच जातो. नेपाळने यावर अर्ध्या शतकापूर्वीच तोड काढली. पोखरा इथल्या फेवा तलावात 1972 मध्ये पिंजरे आले ते प्रजननाचे मासे राखण्यासाठी. पुढे त्यांत चंदेरा (सिल्व्हर कार्प) आणि बिगहेड हे मासे वाढू लागले, वरून काहीही न घालता. भूमिहीन जलारी मच्छीमारांना त्यातून हक्काची कमाई मिळाली.

सगळी करामत कल्ल्यांची. चंदेऱ्याच्या कल्ल्यांतले दाते जुळून त्यांची स्पंजासारखी गाळणी होते आणि पाण्यातलं सूक्ष्म शेवाळ तीत अडकतं. आपल्याकडच्या कटला माशाचा भर हेच शेवाळ खाणाऱ्या सूक्ष्म प्राण्यांवर. त्यामुळे पाणी हिरवं हवं. कोपरापर्यंत हात बुडवावा. तळवा लख्ख दिसला तर माशाला उपास घडणार. जाळीवर शेवाळ साचलं की पाणी खेळत नाही, म्हणून ती घासावीही लागते. खाद्य फुकट, मेहनत नव्हे.

चंदेरा भारतात 1959 मध्ये जपानहून कटकला आला. 1971 च्या पुरात तो हिमाचलच्या गोविंदसागरात शिरला आणि तिथे कटल्यालाच भारी पडला. तेव्हा फाटक्या जाळीतून मासा निसटण्याचा धोका ध्यानात घेता आपल्याकडे कटलाच बरा.

महाराष्ट्रात पिंजरा वेगळ्या कामी आला. आंबेगावच्या डिंभे जलाशयात धरणग्रस्त आदिवासींच्या संस्थेने ‘शाश्वत’ ही स्वयंसेवी संस्था आणि मुंबईच्या केंद्रीय मात्स्यिकी शिक्षण संस्थेच्या साथीने पिंजऱ्यात बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) वाढवून ती जलाशयात सोडली. ‘शाश्वत’ला 2012 चं इक्वेटर पारितोषिक मिळालं. नंतर अनुदानाचे पिंजरे वाढले. 2020 मध्ये प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजना आली. या पिंजऱ्यांत मात्र पंगॅशियस आणि तिलापिया हे मासे, म्हणजे पुन्हा गोळीखाद्याची पोती.

पालघर जिल्ह्यातल्या डहाणू-तलासरीला यातलं काय घेता येईल? तलासरीत कुर्झे धरण आहे, सूर्या नदीवर धामणी आणि कवडास. काठच्या वारली कुटुंबाकडे खाद्य विकत आणायची ऐपत नसते, त्यामुळे बिनखाद्याचा कटला इथे शोभतो. पण पावसाळ्यात गढूळ पाण्यात शेवाळ धरत नाही, उन्हाळ्यात पाणी खाली जातं. म्हणून आधी वर्षभर पाण्याचा हिरवेपणा तपासावा. तो पुरेसा असेल तर पिंजऱ्यातच मासा मोठा करावा; नसेल तर डिंभ्याप्रमाणे कोंडा-पेंडीवर बोटुकली वाढवून धरणात सोडावी. दोन्हींत एक अट सारखीच : जलाशयाचा ठेका स्थानिकांच्या संस्थेकडे हवा.