खंजिरी कोणाच्या हाती?

जपानच्या नाम्को कंपनीने २००१ साली ‘ताइको नो तात्सुजिन’ हा खेळ आणला. पडद्यावर लाल खूण आली की ढोलाच्या तोंडावर, निळी आली की कडेवर टिपरू हाणावयाचे. वेळ अचूक साधली तर गुण! या खेळाला नाके मुरडण्याचे कारण नाही. नाणे टाकणाऱ्या कोणाही पोराच्या हाती यंत्र टिपरू देते आणि चूक तत्क्षणी दाखविते.

यावलीस १९०९ साली जन्मलेल्या तुकडोजी महाराजांनी खंजिरीच्या तालावर गावेच्या गावे ग्रामसफाईस जुंपली. १९३५ साली मोझरीस गुरुकुंज उभारले. त्या तालाला नाणे लागत नव्हते. मग अमरावती-अकोल्याच्या भजनी मंडळांत पोरापोरींच्या हाती खंजिरी पडते केव्हा? बहुधा म्हातारे दमल्यावर!