मध्ययुगीन लघुसैन्य युद्धखेळ

मध्ययुगीन लघुसैन्य युद्धखेळ हा धातूच्या वा प्लॅस्टिकच्या छोट्या रंगवलेल्या सैनिकप्रतिमा वापरून मेजावर खेळला जाणारा नियमबद्ध खेळ आहे. इंग्रजीत या छंदास ‘मिनिएचर वॉरगेमिंग’ म्हणतात. दोन खेळाडू प्रत्येकी एका ऐतिहासिक सैन्याचे सेनापतित्व करतात. हालचालीचे अंतर पट्टीने मोजले जाते, तर चकमकींचा निकाल फाशांच्या दानावरून व नियमांतील गुणांवरून ठरतो. पाचवे ते पंधरावे शतक हा मध्ययुगाचा काळ प्राचीन काळाला जोडूनच खेळला जातो. त्यामुळे बहुतेक नियमपुस्तिका ‘प्राचीन व मध्ययुगीन’ असा एकत्रित विभाग करतात. युरोप, उत्तर अमेरिका, ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड येथे शनिवार-रविवारी भरणाऱ्या स्पर्धा हे या खेळाचे एक ठळक अंग असून, त्यांत भाग घेण्यासाठी अनेक खेळाडू आपले सैन्य पेटीत घेऊन परदेशी जातात.

पूर्वपीठिका

युद्धाची प्रतिकृती पटावर मांडण्याची कल्पना भारतीय वाचकांस अपरिचित नाही. हत्ती, घोडा, रथ व पायदळ ही सैन्याची चार अंगे असलेल्या चतुरंगापासून बुद्धिबळाचा उगम झाला असे मानले जाते. आधुनिक युद्धखेळाचा प्रारंभही बुद्धिबळातूनच झाला. जर्मनीतील ब्राउनश्वाइग येथील योहान हेलविग यांनी 1780 मध्ये बुद्धिबळाचा पट वाढवून त्यात निरनिराळ्या प्रकारची भूमी व निरनिराळी सैन्यदले आणली. पुढे प्रशियात राइसविट्झ पितापुत्रांनी चौकटींचे बंधन दूर केले. पित्याने 1812 च्या सुमारास रचलेला खेळ पुत्राने सुधारून 1824 मध्ये प्रसिद्ध केला आणि प्रशियाच्या सैन्याने अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी तो स्वीकारला.

लष्करी शिक्षणाच्या या साधनाला घरगुती छंदाचे रूप देण्यात इंग्रज लेखक एच. जी. वेल्स यांचा मोठा वाटा आहे. त्यांचे ‘लिटल वॉर्स’ हे पुस्तक 1913 मध्ये निघाले. खेळण्यातील शिपायांनी दिवाणखान्याच्या जमिनीवर लढायचे युद्ध त्यात वर्णिले आहे. खऱ्या युद्धापेक्षा हे युद्ध कितीतरी बरे, असे वेल्स यांनी पुस्तकाच्या अखेरीस आग्रहाने मांडले. दुसऱ्याच वर्षी पहिले महायुद्ध सुरू झाले.

दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये डोनाल्ड फेदरस्टोन व टोनी बाथ यांच्या प्रयत्नांनी हा छंद पसरला. बाथ यांनी 1965 मध्ये ‘सोसायटी ऑफ एन्शंट्स’ या संस्थेची स्थापना केली. ‘स्लिंगशॉट’ हे तिचे नियतकालिक आहे. 1969 मध्ये ‘वॉरगेम्स रिसर्च ग्रुप’ या गटाने प्राचीन काळातील युद्धांची नियमपुस्तिका काढली. अमेरिकेत गॅरी गायगॅक्स व जेफ पेरेन यांची ‘चेनमेल’ ही मध्ययुगीन युद्धांची नियमावली 1971 मध्ये आली. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा 1974 चा प्रसिद्ध भूमिकाखेळ तिच्यातूनच विकसित झाला.

सैन्य व साहित्य

प्रतिमांचा आकार माणसाच्या उंचीवरून मिलिमीटरमध्ये सांगतात. 15 मिमी व 28 मिमी ही मापे विशेष रूढ आहेत. बहुतेक प्रतिमा कथिलाच्या मिश्रधातूत ओतलेल्या असतात व रंगाविना विकल्या जातात. त्या घासून साफ करणे, त्यांवर अस्तराचा रंग देणे, मग बारीक कुंचल्याने चिलखत, ढाली व निशाणे रंगवणे हे काम खेळाडू बहुधा स्वतः करतो. ढालीवरचे चिन्ह कोणत्या घराण्याचे, अंगरखा कोणत्या शतकातला, याचा शोध घेताना त्याला इतिहासाची पुस्तके चाळावी लागतात. सैन्य पूर्ण होण्यास कित्येक महिने लागतात. अनेकांच्या दृष्टीने हेच या छंदाचे अर्धे सुख होय.

रंगवलेल्या प्रतिमा एकेकट्या न ठेवता आयताकृती तळपट्टीवर चिकटवतात. अशा एका पट्टीस ‘घटक’ म्हणता येईल. 15 मिमी प्रतिमांसाठी पट्टीची रुंदी सामान्यतः 40 मिमी असते. तीवर भालाईत असल्यास चार, सरदार घोडेस्वार असल्यास तीन, हलके घोडेस्वार असल्यास दोन प्रतिमा बसवतात. हत्तीला स्वतंत्र पट्टी मिळते. पट्टीवरील शिपायांची संख्या पाहून ते दल दाटीने लढणारे की विखरून लढणारे, हे दुरूनही ओळखू येते.

नियमांचे स्वरूप: एक उदाहरण

नियमपुस्तिका अनेक आहेत. त्यांपैकी फिल बार्कर व रिचर्ड बॉडली स्कॉट यांची ‘डी बेलिस अँटिक्विटाटिस’ (संक्षेपाने डीबीए) ही 1990 ची पुस्तिका तिच्या आटोपशीरपणामुळे विशेष प्रसिद्ध आहे. तिच्यात प्रत्येक बाजूस केवळ 12 घटक असतात, 15 मिमी प्रतिमांसाठी दोन फूट लांबीरुंदीचा पट पुरतो आणि डाव सुमारे तासाभरात आटोपतो.

प्रत्येक पाळीच्या आरंभी खेळाडू एक फासा टाकतो. जितके दान पडेल तितक्या आज्ञा त्याला देता येतात. एका आज्ञेत एक घटक किंवा एकमेकांना लागून उभा असलेला घटकांचा एक समूह पुढे सरकतो. या साध्या नियमात मध्ययुगीन सेनापतीची मुख्य अडचण सामावलेली आहे. रांग अभंग असेतो एका आज्ञेत सारे सैन्य चालते. रांग मोडली की प्रत्येक तुकड्यासाठी वेगळी आज्ञा लागते आणि नेमक्या त्याच वेळी फाशावर एक पडू शकतो. उत्तम योजना आखलेला खेळाडू अशा वेळी अर्धे सैन्य जागच्या जागी उभे राहिलेले पाहतो.

दोन घटक भिडल्यावर दोन्ही खेळाडू एकेक फासा टाकतात व त्यात आपापल्या दलाचा गुण मिळवतात. दुसऱ्या आवृत्तीत तलवारधारी पायदळाचा घोडदळाविरुद्धचा गुण 3 आहे आणि सरदार घोडेस्वारांचा पायदळाविरुद्धचा गुणही 3 आहे. समजा, स्वारांस 5 व पायदळास 3 असे दान पडले. बेरीज 8 विरुद्ध 6 झाली. मोकळ्या सपाट जमिनीवर असे झाल्यास पायदळाचा तो घटक नष्ट होतो, कारण धावून आलेल्या घोड्यांपुढे एकदा कच खाल्ली की पायदळाची रांग फुटते. दाने उलट पडली, म्हणजे पायदळ 8 व स्वार 6 झाले, तर स्वार केवळ मागे हटतात. पराभूताची बेरीज विजेत्याच्या निम्मी किंवा त्याहून कमी झाल्यास मात्र बहुतेक दले नष्टच होतात. गुण समान असूनही परिणाम असमान आहेत; प्रत्येक दलाचा स्वभाव या परिणामांतून दाखवला जातो. चार घटक आणि शत्रूपेक्षा अधिक घटक गमावणारा पक्ष हरतो. सेनापतीचा घटक गमावणेही पराभवास कारण ठरू शकते.

याच कुळातील ‘डी बेलिस मल्टिट्यूडिनिस’ (डीबीएम) ही 1993 ची नियमावली मोठ्या लढायांसाठी आहे. तीत प्रत्येक दलाला किंमत असते व ठरलेल्या गुणमर्यादेत सैन्य उभारावे लागते. 400 गुणांचे सैन्य स्पर्धांत रूढ होते. सैन्याच्या दोन ते चार तुकड्या पडतात आणि प्रत्येक तुकडीस आज्ञांचा स्वतंत्र फासा मिळतो. काही दले ‘उतावळी’ मानली आहेत. त्यांना आवरण्यासाठी आज्ञा खर्च केली नाही, तर ती आपण होऊन शत्रूकडे धावतात. 1346 मध्ये क्रेसी येथे फ्रेंच सरदारांनी शिस्त सोडून इंग्रज धनुर्धरांवर घातलेल्या झडपा ज्याने वाचल्या आहेत, त्याला या नियमाचे प्रयोजन सांगावे लागत नाही. पुढे 2008 मध्ये ‘फील्ड ऑफ ग्लोरी’ ही नियमावली आली. तिच्याही रचनाकारांत बॉडली स्कॉट होते.

सैन्ययाद्या आणि भारत

कोणत्या राज्याच्या सैन्यात कोणती दले किती असावीत, हे सैन्ययाद्यांत दिलेले असते. डीबीएच्या याद्या चार कालखंडांत विभागल्या असून त्यांची व्याप्ती इ.स.पू. 3000 ते इ.स. 1500 अशी आहे. चौथा खंड 1071 पासून सुरू होतो. बायझंटाइन सैन्याचा मान्झिकर्ट येथे सेल्जुक तुर्कांनी पराभव केला, ते हे वर्ष. याच खंडात मंगोल, स्विस, बोहेमियातील हुसाइट इत्यादी सैन्ये येतात. यान झिझ्का या सेनापतीने गाड्यांच्या तटबंदीआडून सरदारांचे घोडदळ कसे रोखले, हे हुसाइट सैन्य खेळताना प्रत्यक्ष दिसते.

भारतीय सैन्यांना या याद्यांत स्थान आहे. हत्ती, धनुर्धर व घोडदळ असलेल्या ‘हिंदू भारतीय’ सैन्याची स्वतंत्र यादी आहे. मराठ्यांचा काळ मात्र या मर्यादेबाहेर पडतो. सोळाव्या-सतराव्या शतकांसाठी ‘डी बेलिस रेनेशनिस’ ही वेगळी नियमावली 1995 मध्ये निघाली. महाराष्ट्रात दिवाळीला मुले मातीचे किल्ले बांधून त्यांवर मावळे मांडतात. तो मांडणीचा प्रकार आहे, नियमांनी लढण्याचा खेळ नव्हे. तरी छोट्या प्रतिमांतून इतिहास डोळ्यांसमोर उभा करण्याची हौस दोहोंत सारखीच आहे.

सप्ताहान्त स्पर्धा

ऑस्ट्रेलियात कॅनबेरा येथे जानेवारीच्या अखेरीस, ऑस्ट्रेलिया दिनाच्या सुट्टीस जोडून ‘कॅनकॉन’ हे खेळसंमेलन भरते. ब्रिटनमध्ये ‘ब्रिटिश हिस्टॉरिकल गेम्स सोसायटी’चे ‘ब्रिटकॉन’ अनेक वर्षे मँचेस्टर येथे भरत असे. अशा संमेलनांत वेगवेगळ्या नियमावलींच्या स्पर्धा एकाच छताखाली चालतात.

खेळाडूने आपल्या सैन्याची यादी तपासणीसाठी संयोजकाकडे आधी पाठवायची असते. मोठ्या नियमावलीत एका डावास साधारण साडेतीन तास दिले जातात, म्हणजे दिवसाला दोन व सप्ताहान्तात चार डाव होतात. जोड्या बहुधा स्विस पद्धतीने लावतात: पहिल्या फेरीत चिठ्ठीने आणि पुढे सारख्या गुणांच्या खेळाडूंत. त्यामुळे कोणीही बाद होत नाही. पहिला डाव हरलेला परदेशी पाहुणाही रविवारी संध्याकाळपर्यंत खेळत राहतो व बहुधा आपल्या तोडीचा प्रतिस्पर्धी त्याला मिळतो. डीबीएमच्या जुन्या पद्धतीत दोघांत मिळून दहा गुण वाटले जात. पूर्ण विजयास दहा-शून्य आणि अनिर्णित डावास पाच-पाच. वेळ संपल्यावर अपूर्ण राहिलेला डाव कमी गुण देतो, म्हणून मुद्दाम संथ खेळणे हा या स्पर्धांतील सर्वांत नापसंत दोष समजला जातो.

दूर जाणाऱ्या खेळाडूची पहिली चिंता वाहतुकीची असते. भाल्यांची टोके वाकतात, रंग उडतो. तळपट्टीखाली चुंबकी पट्टी लावून ती लोखंडी पत्र्याच्या पेटीत बसवणे, हा त्यावरचा रूढ उपाय आहे. पेटी शक्यतो विमानात स्वतःजवळच ठेवतात. काही जण यजमान मंडळाच्या सदस्याकडून सैन्य उसने घेऊन खेळतात.

शिष्टाचार

सभागृहात पंच असतो, परंतु प्रत्येक मेजावर नसतो. मिलिमीटरभर अंतराने चकमक होते किंवा टळते, अशा खेळात सारा व्यवहार परस्पर विश्वासावर चालतो. म्हणून काही संकेत पाळले जातात. घटक हलवण्यापूर्वी हेतू सांगावा. मोजमाप दोघांना दिसेल असे करावे. तिरपा पडलेला फासा पुन्हा टाकावा. प्रतिस्पर्ध्याच्या प्रतिमांना विचारल्याशिवाय हात लावू नये. भाषा वेगळी असलेल्या प्रतिस्पर्ध्याशी खेळताना फासे, पट्टी आणि नियमपुस्तिकेचे पान एवढ्यावरही काम भागते. डावाच्या आधी व नंतर हस्तांदोलन करण्याची पद्धत आहे. त्यानंतर पराभूत खेळाडू बहुधा आपली चूक कोठे झाली हे विजेत्यालाच विचारतो.

टीका व मतभेद

खुल्या स्पर्धांवरील मुख्य आक्षेप इतिहासाच्या बाजूने घेतला जातो. जपानी सामुराई व मेक्सिकोतील अॅझ्टेक कधीही समोरासमोर आले नाहीत. खुल्या स्पर्धेत ते लढतात. शिवाय यादीतील सवलतींचा हिशेब करून, प्रत्यक्षात क्वचितच उभे राहिले असेल असे सैन्य रचण्याचा मोह होतो. यावर उपाय म्हणून अनेक संयोजक एकच प्रदेश व काळ निवडून ‘विषयबद्ध’ स्पर्धा भरवतात. खुल्या स्पर्धेच्या समर्थकांचे म्हणणे असे की, अन्यथा दुर्मीळ सैन्य हौसेने रंगवणाऱ्यास प्रतिस्पर्धीच मिळणार नाही.

दुसरा आक्षेप नैतिक आहे. 1415 मध्ये अॅजिनकोर्ट येथे युद्धकैद्यांची कत्तल झाली, मंगोल स्वाऱ्यांत नगरे ओस पडली. हे सारे मेजावर गुणसंख्येत कसे बसवावे? खेळ ते बसवत नाही. लढाई संपली की तोही संपतो. जळालेली गावे, दुष्काळ व रोगराई पटाबाहेर राहतात. या मर्यादेची जाणीव ठेवूनच या खेळाकडे इतिहासाचे साधन म्हणून पाहावे लागते. एखाद्या लढाईत खरोखर काय घडले, हे त्यातून सिद्ध होत नाही. परंतु सेनापतीपुढे कोणते पर्याय होते, आज्ञा पोहोचणे किती अवघड होते आणि रांग एकदा फुटली की सैन्य का सावरत नाही, हे वाचनापेक्षा अधिक स्पष्टपणे कळते. हातून मेलेले शिपाई पुन्हा पेटीत ठेवता येतात, हा खेळ आणि युद्ध यांतील फरक वेल्स यांनी 1913 मध्येच ओळखला होता.