दुखण्यातून उठलेल्या वृद्धांचा आहार

आमच्या वसईत कोणी वृद्ध मनुष्य इस्पितळातून घरी परतले की चुलीवर प्रथम चढते ती पेज. पचावयास हलकी म्हणून ती उत्तमच. परंतु महिनाभर केवळ तिच्यावर ठेविल्यास काय होते, हे आम्ही स्वतःच्या घरी पाहिले. मातोश्रींचा ताप गेला, पण त्यांना खाटेवरून उठवेना.

कारण असे की, उतारवयात पडून राहिल्याने स्नायू फार लवकर झिजतात. अमेरिकेत २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात निरोगी वृद्धांच्या पायांचे सुमारे १ किलो मांस अवघ्या १० दिवसांत गेले! ही झीज भरून येण्यास प्रथिने हवीत. दुखण्यातून उठलेल्या वृद्धास वजनाच्या दर किलोमागे रोज १.२ ते १.५ ग्रॅम द्यावीत, असे तज्ज्ञांचे मत आहे. म्हणजे ५० किलोच्या आजीस ६० ते ७५ ग्रॅम. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम असतात, वाटीभर पातळ पेजेत दोन-तीनही क्वचितच. (आपली सुकेळी गोड खरी, पण तीत बहुतेक साखरच.)

म्हणून पेजेस मुगाचे वरण, अंडे, दूध यांची जोड द्यावी. ओले बोंबील तर दात नसलेल्यांसही खाता येतात. मात्र मूत्रपिंडाचा विकार असल्यास आधी डॉक्टरांस विचारावे. भरलेले ताट पाहूनच वृद्ध "नको" म्हणतात, यास्तव दिवसातून पाच-सहा वेळा थोडेथोडे द्यावे. विद्यार्थ्यांनो, शाळेतून परतल्यावर तुम्ही आजीजवळ बसूनच खा. सोबत असली की तिलाही दोन घास अधिक जातात. आणि दर आठवड्यास तिचे वजन वहीत टिपून ठेवा. ते घटत गेल्यास डॉक्टरांस वही दाखवा.