बापाची मजुरी शून्य कशी?

आज विषय कॉस्टिंगचा, पण घाबरू नका, कानाला हेडफोन असू द्या.

मी कॉमर्सचा मास्तर. आधी अकोल्यात, आता अमरावतीत. सुरुवातीला पुस्तकातलंच शिकवायचो: खुर्च्यांचा कारखाना, कच्चा माल, मजुरी, ओव्हरहेड. पोरं पाठ करायची अन् पेपरात उतरवायची. वर्गात निम्मी पोरं कास्तकाराची, आणि मी खुर्च्या मोजतोय!

मग एकदा म्हटलं, घरच्या एक एकर पऱ्हाटीचा हिशेब आणा. एकाच्या वहीतले आकडे गोल करून सांगतो. बियाणं, खत, फवारणी, वेचणी मिळून खर्च 25,000. कापूस 6 क्विंटल, भाव 7,000, म्हणजे 42,000. नफा 17,000. पोरगं खूश.

मी विचारलं, "डवरणी, निंदण कोणी केलं?"

"माय-बापानं."

"त्यांची मजुरी?"

"सर, ते तं घरचेच हायेत. त्याईले कायची मजुरी?"

दोघांचे मिळून 70 दिवस निघाले. रोज 300 धरला तर 21,000. नफा गेला, वर 4,000 तोटा! वर्ग एकदम चूप.

सरकारही हा फरक करतं बरं का. हमीभावाची शिफारस करणारा कृषिमूल्य आयोग रोख खर्चाला ए-टू म्हणतो, त्यात घरच्यांची मजुरी मिळवली की ए-टू अधिक एफएल. 2018-19च्या खरिपापासून हमीभाव याच्या किमान दीडपट धरतात. सी-टू मात्र वेगळा. त्यात स्वतःच्या जमिनीचं भाडं आणि घातलेल्या भांडवलाचं व्याजही येतं. आंदोलनात सी-टूची मागणी ऐकता ना, भांडण या दोन आकड्यांमधल्या अंतराचं आहे.

हे सगळं मी झोकात समजावलं. तेवढ्यात मागच्या बाकावरची एक पोरगी उठली. "सर, पण त्या दिवसांत गावात दुसरं काम होतंच कुठं? मंग 300 कसे धरता?"

माझ्याकडे लगेच उत्तर नव्हतं. संधीचा खर्च म्हणजे ते काम सोडून दुसरीकडे जे मिळालं असतं ते. दुसरीकडे कामच नसेल, तर 300 हा आकडा फुगलेला. वेचणीच्या दिवसांत मात्र मजूर शोधून सापडत नाही, तेव्हा 300 देखील कमीच. म्हणजे बापाची मजुरी महिन्यागणिक बदलते! हे मी तोवर कधी शिकवलं नव्हतं.

तेव्हापासून माझ्या अंतर्गत परीक्षेत एकच प्रश्न असतो. घरच्यांची मजुरी किती धरली, आणि तेवढीच का? मार्क 'का'ला जास्त.