झुरळांचं औषध, उंदरांचं औषध

कृषी सेवा केंद्रात आलेला शेतकरी क्वचितच ‘कीटकनाशक’ मागतो. तो म्हणतो, ‘बोंडअळीवर औषध द्या.’ शहरातल्या किराणा दुकानातही ढेकणांचं, झुरळांचं, उंदरांचं औषधच मिळतं. विष हा शब्द आपण साप, हलाहल आणि नाटकातले प्याले यांच्यासाठी राखून ठेवला आहे. वर्तमानपत्रं ‘विषारी औषध’ असं लिहून दोन्हीकडचं सांभाळतात. शब्दांच्या या वाटणीतून आलेले किंवा तिच्यामुळे टिकलेले काही गैरसमज घराघरांत आणि शेताशेतांत सापडतात.

गैरसमज : औषध ते औषध, विष ते विष.

वस्तुस्थिती : वॉर्फरिन हे रसायन १९४८ साली अमेरिकेत उंदीर मारण्यासाठी बाजारात आलं. ते रक्त गोठू देत नाही, त्यामुळे उंदीर आतल्या आत रक्तस्राव होऊन मरतो. १९५४ मध्ये तेच रसायन माणसांच्या उपचारासाठी मंजूर झालं. हृदयात कृत्रिम झडप बसवलेले अनेक रुग्ण आज त्याच्या गोळ्या घेतात आणि मात्रा नेमकी आहे ना, हे पाहण्यासाठी ठरावीक काळाने रक्त तपासून घेतात. पदार्थ विषारी ठरतो तो मात्रेमुळे, हे स्विस वैद्य पॅरासेल्सस याने सोळाव्या शतकातच मांडलं होतं.

गैरसमज : पोटात गेलं नाही, तर विषबाधा होत नाही.

वस्तुस्थिती : २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेकडो शेतकरी आणि मजूर आजारी पडले, वीसेक जण दगावले. त्यांनी काही प्यायलं नव्हतं. कपाशी डोक्याएवढी वाढली होती आणि फवाऱ्याचे तुषार अंगावर, चेहऱ्यावर येत होते. अनेक कीटकनाशकं त्वचेतून आणि श्वासावाटे शरीरात शिरतात. घामाने भिजलेला सदरा त्यांना अडवत नाही, उलट अंगाशी धरून ठेवतो. ऑर्गनोफॉस्फेट गटातली रसायनं मज्जातंतूंचे संदेश थांबवणारं विकरच निकामी करतात. मग लाळ आणि घाम सुटतो, बाहुल्या बारीक होतात, श्वास कोंडतो. वाऱ्याच्या दिशेने फवारा, हातमोजे वापरा, फवारताना तंबाखू मळू नका, या सूचना म्हणूनच दिल्या जातात.

गैरसमज : डब्यावर हिरवा रंग, म्हणजे निर्धोक.

वस्तुस्थिती : खाद्यपदार्थाच्या पाकिटावरचा हिरवा ठिपका शाकाहाराचा, पण कीटकनाशकाच्या डब्यावरचा हिरवा त्रिकोण वेगळं सांगतो. भारतीय नियमांनुसार तिथे चार रंग असतात : लाल, पिवळा, निळा आणि हिरवा. प्रयोगातले निम्मे प्राणी दगावतील एवढी तोंडावाटे दिलेली मात्रा त्यासाठी पाहिली जाते. दर किलो वजनामागे ती १ ते ५० मिलिग्रॅम असेल तर लाल, ५१ ते ५०० असेल तर पिवळा, ५०१ ते ५,००० असेल तर निळा आणि त्याहून जास्त असेल तर हिरवा. म्हणजे हिरवा हा त्या चौघांतला सर्वांत कमी जहाल, एवढंच. वर्षानुवर्षं थोडं थोडं शरीरात गेल्यास काय होतं, याचं उत्तर या त्रिकोणात नसतं.

गैरसमज : विष कारखान्यात तयार होतं, निसर्गाचं ते निरुपद्रवी.

वस्तुस्थिती : माणसाला ठाऊक असलेल्या सर्वांत जहाल विषांपैकी एक, बोट्युलिनम, हे एका जिवाणूचं उत्पादन आहे. एरंडाच्या बीत रिसिन असतं. दमट जागी साठवलेल्या शेंगदाण्यांवरची बुरशी अफ्लाटॉक्सिन बनवते, त्याचा यकृताच्या कर्करोगाशी संबंध सिद्ध झाला आहे. उन्हात हिरवा पडलेला बटाटाही सोलॅनिनमुळे कडवट आणि बाधक होतो. धोतऱ्याची गोष्ट तर दुहेरी आहे. त्यात अॅट्रोपिन असतं, म्हणून धोतरा खाणं जिवावर बेततं. पण ऑर्गनोफॉस्फेटची बाधा झालेल्या रुग्णाला डॉक्टर उतारा म्हणून अॅट्रोपिनचंच इंजेक्शन देतात.

गैरसमज : मीठपाणी पाजून उलटी करवली की विष उतरतं.

वस्तुस्थिती : रॉकेल किंवा आम्ल पोटात गेलं असताना उलटी करवणं घातक ठरतं. रॉकेल फुफ्फुसात शिरू शकतं, आम्ल अन्ननलिका दुसऱ्यांदा भाजतं. अर्धवट शुद्धीतल्या माणसाला तर मीठपाणी, दूध, काहीच पाजू नये. अंगावर सांडलं असेल तर कपडे उतरवून त्वचा साबण-पाण्याने धुवावी आणि रुग्णाला थेट रुग्णालयात न्यावं. सोबत रिकामी बाटली किंवा डबा घ्यावा, कारण प्रत्येक विषावर अॅट्रोपिन चालत नाही. उपचार ठरतो तो रसायनाच्या नावावर. विषबाधेची लक्षणं, प्रथमोपचार आणि उतारा यांची माहिती डब्यासोबतच्या पत्रकात छापलेली असते. उरलेलं ‘औषध’ थंड पेयाच्या बाटलीत ओतून फळीवर ठेवलं, की रसायनाचं नाव आणि हे पत्रक दोन्ही हरवतं आणि लहान मुलाला ती बाटली सरबताची वाटते.