फाशांवरची शिष्टाई

खेळ म्हटला की आपल्याला सारीपाट, बुद्धिबळ नाहीतर पत्ते आठवतात. त्यांत एक जिंकतो, दुसरा हरतो. आजच्या विषयातील खेळाची तऱ्हा निराळी आहे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी १९७४ साली अमेरिकेत ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ प्रसिद्ध केला. त्यात चारपाच मंडळी टेबलाभोवती बसतात. कोणी योद्धा होतो, कोणी मांत्रिक. आणि एक जण सूत्रधार होऊन बाकीचे सारे अद्भुत जग सांभाळतो. जिथे निकाल अनिश्चित, तिथे फासा टाकायचा.

अशा खेळात लढाई सहज उभी राहते. पण राजाचे मन वळवायचे असेल तर? नवखा सूत्रधार म्हणतो, “टाका फासा.” आकडा मोठा पडला की राजा वळला, लहान पडला की दरवाजा बंद. दोन्हींत रंग नाही. कारण त्या राजाला काय हवे आहे, हे कोणी विचारलेलेच नसते.

ते कसे विचारावे, हे आपल्या मुलखाचा इतिहास सांगतो. मराठ्यांनी १७३७ साली पोर्तुगीजांकडून ठाण्याचा किल्ला घेतला. आज तिथे कारागृह आहे. दोन वर्षांनी चिमाजी अप्पांनी वसईला निकराचा वेढा घातला. सुरुंगांनी तट फुटला, दोन्हीकडची माणसे पडली आणि १७३९ च्या मे महिन्यात बोलणी झाली. अप्पांना किल्ला हवा होता आणि पावसाळा तोंडावर आला होता. आतल्यांना जीव, बायकामुले आणि अब्रू वाचवायची होती. किल्ला मराठ्यांना मिळाला. पोर्तुगीज शिपाई हत्यारांनिशी, नगारे वाजवीत बाहेर पडले. एकाची अब्रू राहिली म्हणून दुसऱ्याचे काम झाले.

शिष्टाईचा प्रसंग रचताना हेच सूत्र धरावे. समजा, एका काल्पनिक कल्याण बंदरात जकातदाराने आपल्या मंडळींचे गलबत अडवले आहे. सूत्रधाराने आधी तीन गोष्टी ठरवाव्यात: त्याला काय हवे, तो कशाला भितो आणि काय केल्या सोडणार नाही. तो लाचखाऊ दिसतो. पण खरी भीती वरच्या सुभेदाराची आहे, असे ठेवा. मग बोलघेवडा गडी एकटाच पुरत नाही. एकाने बाजारात बातमी काढावी, दुसऱ्याने जकातीचा कायदा शोधावा, तिसऱ्याने खलाशांना शांत ठेवावे. २००८ सालच्या चौथ्या आवृत्तीत यासाठी नियमच आला: ठरावीक अपयशांच्या आत ठरावीक यशे मिळवायची. नियम चांगला, पण नुसती मोजदाद झाली तर तो हिशेबवहीसारखा रुक्ष होतो. प्रत्येक फाशानंतर प्रसंगात काहीतरी बदलले पाहिजे: जकातदार नरमेल, किंवा पहारेकरी बोलावील.

आणि अपयशाने कथा थांबू नये. श्रीकृष्णाची शिष्टाई निष्फळ झाली, पाच गावेही मिळाली नाहीत. पण महाभारत तिथे संपले नाही, उलट पेटले. गलबत सुटले नाही तर रात्री खाडीतून पळ काढावा लागेल, किंवा जकातदाराचा एखादा नकोसा उपकार डोक्यावर बसेल. हरण्याचीही काही किंमत आणि पुढची वाट हवी.

शेवटी एक नाजूक गोष्ट. डोंबिवलीच्या चाळीतला एखादा मितभाषी मुलगा खेळात मुत्सद्दी होऊ इच्छितो. त्याला वक्तृत्व येत नाही म्हणून डावलावे काय? दुबळ्या गड्याला योद्धा व्हायचे असेल, तर आपण त्याला तालीम करून ये म्हणत नाही. तेव्हा त्या मुलाने मुद्दा आपल्या साध्या शब्दांत सांगावा. मुद्दा सयुक्तिक असेल तर सूत्रधाराने लागणारा आकडा कमी करावा. भाषणाची छाप पडली की नाही ते फासा ठरवील. समोरच्याला काय हवे हे ओळखणे मात्र त्याचे त्यालाच करावे लागेल, आणि टेबलावरून उठल्यावरही तेवढे त्याच्याजवळ राहील.