खेळते छान गं, पण...

तालुका पातळीवरच्या शालेय स्पर्धा बघायला मला आवडतं. कबड्डी, खो-खो, धावण्याच्या शर्यती... मैदानाच्या कडेला आम्ही बायका बसलेल्या असतो. एखादी मुलगी पहिली आली की टाळ्या वाजतात आणि पाठोपाठ वाक्यही येतंच. ‘पळते छान गं, पण केवढी काळवंडलीय!’ ‘खांदे बघितलेस? अगदी मुलासारखे!’

मुलगा उन्हात रापला तर तो कष्टाळू. मुलगी रापली तर ‘हिचं पुढं कसं व्हायचं?’ पुढं म्हणजे लग्नाचं, हे काय वेगळं सांगायला हवं? बोलणारी बाई वाईट नसते, काळजीपोटीच बोलते. पण त्या काळजीच्या पोटात एक मोजपट्टी लपलेली असते. बाई कशी? तर गोरी, नाजूक, लांब केसांची. पदक वगैरे सगळं त्यानंतर!

ही मोजपट्टी सातासमुद्रापारही आहे बरं का. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या गॅबी डग्लसनं जिम्नॅस्टिक्समधलं वैयक्तिक ऑल-अराउंड सुवर्णपदक जिंकलं. वय अवघं सोळा. हे पदक मिळवणारी ती पहिली कृष्णवर्णीय मुलगी. आणि चर्चा कशाची झाली? तिच्या केसांची! नीट बसवलेले नाहीत, विस्कटलेले दिसतात म्हणे. नावं ठेवणाऱ्यांत तिच्याच समाजातल्या बायकाही होत्या. सरळ, चापूनचोपून बसलेले केस म्हणजेच नीटनेटकेपणा, हे गोऱ्यांचं माप त्यांच्याही मनात इतकं मुरलेलं होतं. आपलं गोऱ्या रंगाचं वेड तरी काय वेगळं आहे?

नजरेतला हा संशय कधी कधी खेळाडूचं मैदानच हिरावून घेतो. ओडिशातल्या विणकर कुटुंबातली धावपटू द्युती चंद आठवते? २०१४ मध्ये ती अठरा वर्षांची असताना तिच्या शरीरयष्टीवरून कुजबुज झाली, तपासण्या झाल्या. शरीरात नैसर्गिकरीत्याच टेस्टोस्टेरॉन जास्त आहे म्हणून ग्लासगोच्या राष्ट्रकुल स्पर्धेच्या तोंडावर तिला वगळलं. ती क्रीडा लवादाकडे गेली. २०१५ मध्ये लवादानं तो नियम स्थगित केला आणि २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत तिनं दोन रौप्यपदकं मिळवली. महिला गटाचे नियम कसे असावेत, हा वाद अजून मिटलेला नाही. तो तज्ज्ञांनी सोडवावा. पण ‘ही बाईसारखी दिसत नाही’ हा शेरा मारायला आपल्याला कुठल्या तपासणीची गरज पडते?

आपल्या माण तालुक्यातल्या मोही गावची ललिता बाबर २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत पोचली. पी. टी. उषानंतर बत्तीस वर्षांनी ट्रॅकवरच्या अंतिम फेरीत धावणारी ती पहिली भारतीय महिला. दुष्काळी भागातल्या उन्हात पळणाऱ्या मुलीनं रंग जपायचा की वेळ कमी करायची, सांगा!

उन्हात त्वचा गडद होते ती आपल्या रक्षणासाठीच. पिळदार मांड्या आणि रुंद खांदे सरावानं येतात. गोरेपणाच्या एका नामांकित क्रीमनं २०२० मध्ये आपल्या नावातला ‘फेअर’ शब्द काढून टाकला. डबीवरचं नाव बदललं, आपल्या तोंडातलं ‘पण’ मात्र तसंच आहे.

मुलीकडे बघूच नका, असं माझं म्हणणं नाही. जरूर बघा! ती सारखी थकलेली दिसते का? डोळे, ओठ पांढुरके पडलेत का? पाळी नियमित येते का? सराव भरपूर आणि खाणं अपुरं असेल तर पाळी थांबू शकते. मग डॉक्टरांना दाखवायला हवं. डब्यात अंडं, शेंगदाणे, मोड आलेली कडधान्यं आहेत ना, पायात धड बूट आहेत ना, हे विचारा. ही खरी काळजी.

चौदा-पंधरा वर्षांच्या पोरीला लोकांची कुजबुज फार स्पष्ट ऐकू येते. आज ती हसून सोडून देते, उद्या अंगभर ओढणी गुंडाळते आणि परवा मैदानावर यायचंच बंद करते. कारण विचारलं तर सांगते, ‘अभ्यास आहे.’

तेव्हा मैत्रिणींनो, पुढच्या स्पर्धेला ‘पळते छान गं’ एवढंच म्हणू या. आणि तिथंच पूर्णविराम देऊ या.